पाती फिरत नाहीत: रायडिंग मोअरच्या पीटीओ क्लचमधला विजेचा बिघाड कसा शोधायचा

रायडिंग मोअर म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, आणि पीटीओ क्लच म्हणजे इंजिनाची ताकद पात्यांच्या बेल्टला जोडणारा-तोडणारा भाग. पाती चालू करणारा पिवळा नॉब (पीटीओ स्विच) वर ओढला, इंजिन व्यवस्थित चालू आहे, पण डेकखाली, म्हणजे पात्यांवरच्या आवरणाखाली, काहीच हालचाल नाही. अमेरिकेत मोठं आवार असलेल्या आपल्या मंडळींकडून गवताच्या हंगामात माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. तिच्या पाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला: "क्लच गेला वाटतं, नवीन मागवू का?"

मागवू नका, निदान आज तरी. नवा क्लच दीड-दोनशे डॉलरच्या घरात असतो, मोठ्या झीरो-टर्न (जागच्या जागी वळणाऱ्या) मशीनचा त्याहून बराच महाग. तो बसवूनही पाती फिरत नाहीत म्हणून आलेली मशीनं मी वारंवार उघडली आहेत. बिघाड क्लचमध्ये नव्हताच, क्लचपर्यंत वीज पोचवणाऱ्या वाटेत होता: हिरवट पडलेलं टर्मिनल, आतून जळलेला स्विच, फ्रेमच्या रंगावरच घट्ट केलेली ग्राउंडची (वीज बॅटरीकडे परत नेणारी) वायर. हा दोष नेहमीच्या पद्धतीने मीटर लावलं तर दिसत नाही. मीटर कसं लावायचं हे कळलं की बहुतेक काम सोपं होतं, म्हणून त्या भागावर मी खाली जास्त वेळ घालवला आहे.

हे सगळं पेट्रोल इंजिन आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या, इलेक्ट्रिक क्लच असलेल्या मशीनसाठी आहे. तुमच्या मोअरला नॉबऐवजी लांब दांडा असेल आणि तो ढकलल्यावर केबलने बेल्ट ताणला जात असेल, तर तुमच्याकडे इलेक्ट्रिक क्लच नाही. तिथे फक्त सुरक्षा-स्विचांचा भाग लागू पडेल. पूर्णपणे बॅटरीवर चालणाऱ्या रायडिंग मोअरच्या वायरिंगला यातलं काहीही करून पाहू नका. तिथला व्होल्टेज आणि बॅटरीची ताकद वेगळीच असते.

आधी लक्षणं ओळखा

नॉब ओढल्यावर "टक" असा स्पष्ट आवाजच येत नाही: वीज क्लचपर्यंत पोचत नाही, फार कमी पोचते किंवा कॉइल तुटली आहे.

"टक" आवाज येतो पण पाती फिरत नाहीत: आधी वाकून बेल्ट बघा. तो बहुधा तुटलेला किंवा पुलीवरून उतरलेला असतो. तसं असेल तर हा विजेचा बिघाड नाही.

मशीन गार असताना सगळं उत्तम, वीस-पंचवीस मिनिटांनी पाती आपोआप सुटतात, तासभर थांबलं की पुन्हा चालतात: सगळ्यात जास्त फसवणारं लक्षण हेच. यात विजेच्या वाटेतली गळती (खराब जोडात वाया जाणारा व्होल्टेज), चार्जिंग न होणं, कॉइल किंवा क्लचमधली फट, चारपैकी काहीही असू शकतं.

नॉब ओढताच इंजिन बंद पडतं: जवळजवळ नेहमी सीट स्विच किंवा रिव्हर्सचा स्विच. क्वचित डेकमधलं एखादं बेअरिंग जाम झालेलं असतं आणि इंजिन ओझ्यानेच दबून मरतं. फरक कानाला कळतो. स्विचमुळे इंजिन झटक्यात बंद होतं, ओझ्यामुळे कण्हत कण्हत.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो: कुठेतरी वायर घासून उघडी पडली आहे किंवा कॉइलच शॉर्ट आहे.

खड्ड्यांतून जाताना पाती क्षणभर सुटून परत पकडतात किंवा इंजिन उचकी देतं: सीट स्विच, नाहीतर सैल कनेक्टर.

आणखी एक, ज्याचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही: इंजिन क्रँकच होत नाही, बॅटरी मात्र ठणठणीत. नॉब खाली असल्याची खात्री झाल्याशिवाय मशीन स्टार्टरला वीज देत नाही. पीटीओ स्विचचा तो संपर्क गेला, तर दोष स्टार्टरचा वाटतो.

हात घालण्याआधी

सपाट जागा, पार्किंग ब्रेक, नॉब खाली, किल्ली खिशात, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही वायरी. क्लचने पकड घेतलेली असताना पाती हाताने फिरवली तर इंजिनही फिरतं आणि गरम इंजिन तेवढ्याने एक ठिणगी पकडू शकतं. काही तपासण्यांमध्ये किल्ली "ऑन"वर ठेवावी लागेल, पण प्लगची वायर तेव्हाही काढलेलीच राहील. जॅकवर उचललेल्या मशीनखाली झोपून काम करू नका.

विजेची वाट

बॅटरीतून फ्यूज, तिथून किल्लीचा स्विच, मग पीटीओ स्विच, काही मशीनमध्ये एखादी रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), शेवटी इंजिनाच्या खाली क्रँकशाफ्टवर बसवलेला क्लच आणि तिथून ग्राउंडमार्गे परत बॅटरी. सीट, ब्रेक आणि रिव्हर्सचे स्विच या वाटेवर पहारा देतात. क्लचमध्ये तांब्याची कॉइल आहे. तिच्यातून वीज गेली की चुंबक तयार होतो, पोलादी चकती ओढून घेतो आणि बेल्टची पुली फिरायला लागते. वीज थांबली की स्प्रिंग तीच चकती मागे ब्रेकवर दाबतात आणि पाती थांबतात. म्हणजे एकाच भागात क्लचही आहे आणि ब्रेकही. पुढच्या तपासण्या करताना हे लक्षात असू द्या.

फुकटच्या तपासण्या

सीटवर नीट, पूर्ण वजन टाकून बसा. गियर न्यूट्रल किंवा पुढच्या दिशेला ठेवा. गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक लॉन ट्रॅक्टरमध्ये पाती चालू ठेवून मागे गेलं की इंजिन बंद होतं. तो बिघाड नाही, मुलांच्या जिवासाठी केलेली सोय आहे. पॅडल अर्धवट मागे दाबलं जात असेल किंवा रिव्हर्सचा स्विच जागेवरून सरकला असेल, तर पुढे जातानाही असंच होतं.

मग इंजिन न चालवता किल्ली "ऑन" करा, सीटवर बसूनच नॉब ओढा आणि कान द्या. बऱ्याच मशीनमध्ये अशा वेळी "टक" ऐकू येतो. ज्या मशीनमध्ये इंजिन चालू असल्याशिवाय क्लचला वीज मिळत नाही, तिथे ही खूण उपयोगी नाही. मॅन्युअलमधल्या वायरिंगच्या आकृतीत ते कळतं.

फ्यूज काढून उजेडात धरा. निळा १५ अँपिअरचा, पिवळा २० चा. उडाला असेल तर तेवढ्याच आकड्याचा नवा टाका. मोठ्या आकड्याचा टाकला तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते. नवाही लगेच उडाला तर तिसरा टाकू नका, सरळ खाली फ्यूजच्या भागाकडे या.

रिले असेल तर शेजारची त्याच नंबरची रिले काढून तिच्या जागी लावून बघा.

बॅटरी

तासभर उभ्या असलेल्या मशीनची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. १२.० म्हणजे ती जवळजवळ रिकामी आहे, आधी चार्ज करा. ओहायोसारख्या थंडीच्या राज्यांत नोव्हेंबर ते एप्रिल मशीन गॅरेजमध्ये पडून असतं. तेवढ्यात अर्धवट रिकामी राहिलेली बॅटरी आतून खराब होते. इंजिन कसंबसं सुरू होतं, क्लच मात्र धरत नाही, कारण क्लचला पूर्ण वेळ चार-साडेचार अँपिअर लागतात.

नंतर प्लगची वायर परत जोडून, नॉब खाली ठेवून इंजिन पूर्ण थ्रॉटलवर चालवा आणि बॅटरीवर मीटर लावा. १३.५ ते १४.५ दरम्यान आकडा हवा. तो १२.५ वर बसून राहिला किंवा खाली घसरत गेला, तर चार्जिंग होत नाही. अशा मशीनमध्ये पहिली वीस मिनिटं बॅटरीतली शिल्लक वापरून पाती फिरतात आणि मग सुटतात. लोक क्लच तापला म्हणतात, दोष मात्र रेग्युलेटर किंवा स्टेटरमध्ये (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागांत) असतो. दोन्हीकडचे कनेक्टर आधी बघा, त्यांचंही प्लास्टिक वितळलेलं सापडतं.

डोळे आणि बोटं

इंजिन बंद, किल्ली खिशात. क्लचकडून येणारी दोन वायरांची जोडी शोधा. इंजिनाच्या खालून निघून ती फ्रेमला क्लिप केलेली असते. कनेक्टर सोडवा. पितळी पट्ट्यांवर हिरवी-पांढरी पूड, काळे डाग किंवा तपकिरी झालेलं प्लास्टिक दिसलं की अर्धं काम झालं. काँटॅक्ट क्लीनर मारा, बारीक सँडपेपरने पट्ट्या चमकवा, सैल टर्मिनल पक्कडने हलकंसं दाबून घट्ट करा, वर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. डेक पाइपने धुवायची सवय असेल तर पाण्याचा मारा इकडे येणार नाही याची काळजी घ्या.

वायर पूर्ण लांबीत बोटांनी चाचपत जा. हिवाळ्यात उंदरांनी कुरतडलेली जागा डोळ्यांना चुकते, बोटांना लागते. क्लचच्या न फिरणाऱ्या अर्ध्या भागाला एक अडकवण असते, जी त्याला इंजिनाबरोबर फिरू देत नाही. ती तुटली किंवा निसटली की क्लच गिरकी घेतो आणि स्वतःच्याच वायरी उपटतो. वायरी मुळातून तुटलेल्या दिसल्या तर आधी ही अडकवण तपासा, नाहीतर नवा क्लचही तसाच जाईल.

खरी तपासणी: ओझ्याखालचा व्होल्टेज

लोक काय करतात? क्लचचा कनेक्टर सोडवतात, वायरच्या टोकाला मीटर लावतात, १२.६ दिसतं आणि निष्कर्ष काढतात: "वीज येतेय, म्हणजे क्लच मेला." हा निष्कर्ष चुकीचा आहे. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही दाब पूर्ण असतो. नळ उघडला की करंगळीएवढी धार येते. कनेक्टर सोडलेला असताना विजेचा नळ बंद आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे गंजलेला जोडही त्याला पूर्ण १२.६ दाखवतो.

हिशेब करून बघा. चांगली कॉइल साधारण ३ ओहम. १२.६ व्होल्टवर तिच्यातून ४.२ अँपिअर जातात. वाटेत कुठेतरी १ ओहमचा गंज बसला, की एकूण ४ ओहम होतात, प्रवाह ३.१५ अँपिअरवर येतो आणि क्लचला मिळतात जेमतेम साडेनऊ व्होल्ट. चुंबकाची ओढ साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ती जवळजवळ निम्मी झाली. एवढ्या ओढीत क्लच पकडेल, पण उंच गवतात घसरेल, घसरून तापेल आणि शेवटी सोडून देईल. एवढं सगळं करणारा तो १ ओहम एका काळवंडलेल्या पट्टीत मावतो.

म्हणून कनेक्टर जोडलेलाच ठेवा. मागच्या बाजूने, जिथून वायर प्लास्टिकमध्ये शिरते तिथून, बारीक टाचणी आत सरकवून धातूला टेकवा. दोन वायरींच्या टाचण्या एकमेकींना लागू देऊ नका. प्लगच्या वायरी काढलेल्या, किल्ली "ऑन", घरातलं कोणीतरी सीटवर, नॉब वर. मीटर २० व्होल्ट डीसीवर. आता दोन टाचण्यांमधला व्होल्टेज वाचा, आणि त्याच वेळी बॅटरीच्या दोन टोकांमधलाही.

दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपर्यंतचा फरक मी सोडून देतो. एक व्होल्टच्या वर गेला तर वाटेत गळती आहे आणि क्लचला हात लावायचं कारण नाही. गळती कुठे आहे ते शोधायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरं क्लचच्या ग्राउंडच्या टाचणीवर ठेवा. ०.२-०.३ पेक्षा जास्त आलं तर ग्राउंड खराब. फ्रेमला लावलेली ती गोल टर्मिनलची वायर सोडा, खालचा रंग आणि गंज घासून लोखंड उघडं करा आणि पुन्हा आवळा. ग्राउंड चांगलं निघालं तर धन बाजूने एकेक टप्पा मोजत जा: बॅटरी ते फ्यूज, फ्यूज ते किल्लीचा स्विच, किल्लीचा स्विच ते पीटीओ स्विच, तिथून क्लच. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो, दोष तिथेच.

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि मीटर वीस डॉलरच्या आत मिळतं. बाकी काही नाही केलंत तरी एवढं करा.

स्विच

पीटीओ स्विचच्या मागे बहुधा दोन-तीन जोड्यांचे संपर्क असतात. साधारणपणे प्रत्येकाला एक सामाईक पिन, नॉब वर असताना जुळणारी एक आणि खाली असताना जुळणारी एक. पिनांवर अक्षरं छापलेली असतात. स्विच सोडवून, मीटर ओहमवर ठेवून नॉब वर-खाली करत तपासा. पण क्लचची वीज ज्या जोडीतून जाते तिचा निकाल मी वरच्या ओझ्याखालच्या तपासणीवरूनच देतो. मीटरचा इवलासा प्रवाह जळक्या संपर्कातूनही जातो, चार अँपिअर जात नाहीत. मागच्या प्लास्टिकवर तपकिरी छटा असेल तर स्विच बदला आणि सोबत जोडणारं कनेक्टरही, कारण स्विच जाळणारी उष्णता बहुधा त्याच्या सैल पट्टीतून येते.

सीट स्विच सीटखाली असतो. स्प्रिंगला किंवा प्लास्टिकला तडा गेलेला असतो, नाहीतर हलकं माणूस बसलं की तो पुरेसा दाबला जात नाही. इंजिन बंद ठेवून, दोन वायरी जोडून तात्पुरती परीक्षा घेता येते, मात्र काही मशीनमध्ये सीट स्विचची रचना उलटी असते. आकृती बघूनच जोडा. जोड कायमची ठेवून गवत कापायला जाऊ नका. माणूस सीटवरून पडला तर पाती थांबवणारी ती एकच गोष्ट आहे. स्विच पंधरा-वीस डॉलरला मिळतो.

आता क्लच

वाट स्वच्छ आहे, क्लचला पूर्ण व्होल्टेज मिळतंय, तरी तो धरत नाही. आता कॉइल मोजा. कनेक्टर सोडा, मीटर २०० ओहमवर. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून जे ०.२-०.४ दिसेल ते नंतरच्या आकड्यातून वजा करा. एवढ्या लहान मापात तो फरक मोठा असतो. बहुतेक क्लच २.५ ते ४ ओहमच्या दरम्यान येतात. तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा क्लच बनवणाऱ्याच्या तक्त्यात मिळेल. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. एक ओहमच्या खाली आलं तर शॉर्ट. एक टोक कॉइलच्या वायरीवर आणि दुसरं क्लचच्या लोखंडावर ठेवलं तर मीटरने काही दाखवता कामा नये.

गरम झाल्यावर सुटणारा क्लच गारठ्यात मोजून उपयोग नाही. पाती सुटल्या सुटल्या इंजिन बंद करा, किल्ली काढा, प्लगच्या वायरी सोडा आणि लगेच मोजा. सायलेन्सर तेव्हा भाजेल इतका तापलेला असतो, हात जपून. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच. २० अंशांना ३ ओहमची कॉइल ८० अंशांना ३.७ दाखवेल आणि तो बिघाड नाही. अचानक तुटलेलं किंवा दहा-वीस ओहमवर नाचणारं माप आलं, तरच कॉइलचा तार आतून तुटलेला समजा.

शंका राहिली तर १० अँपिअरचा फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी बॅटरीतून क्लचला थेट वीज द्या. मशीनच्या हार्नेसपासून (वायरींच्या जुडग्यापासून) क्लच आधी वेगळा केलेला हवा. खणखणीत "टक" आला तर कॉइल जिवंत आहे.

कॉइल चांगली, व्होल्टेज पूर्ण, तरी गरम झाल्यावर सुटतो? मग फट. क्लचच्या कडेला तीन खाचा असतात. त्यांतून चकती आणि रोटर (इंजिनाबरोबर फिरणारा भाग) यांच्यामधलं अंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजता येतं. अनेक क्लचमध्ये ते ०.०१२ ते ०.०१८ इंचांच्या आसपास ठेवायचं असतं, तुमचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. झीज झाली की फट वाढते. गार कॉइल ती कशीबशी ओलांडते, तापलेली कॉइल कमी प्रवाहामुळे ओलांडू शकत नाही. स्प्रिंगवरचे तीन नट थोडे थोडे, आळीपाळीने आवळत तिन्ही खाचांत सारखं माप आणा. फार आवळलंत तर नॉब खाली केल्यावरही चकती रोटरला घासत राहील. काही क्लचना नट नसतात, काढता येणारी पातळ पट्टी असते, तर काहींना समायोजनच नसतं.

चकती निळी-जांभळी पडली असेल किंवा बेअरिंग खरखरत असेल, तर मात्र क्लच बदला. नवा बसवल्यावर त्याच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे अर्ध्या थ्रॉटलपासून काही वेळा चालू-बंद करून पृष्ठभाग एकमेकांना जुळवून घ्या. ही पायरी बरेच जण सोडतात आणि पहिल्याच ओल्या गवतात क्लच जाळतात. एरवीही नॉब पूर्ण वेगावर ओढू नका. मध्यम थ्रॉटलवर ओढा, मग वेग वाढवा.

फ्यूज उडत असेल तर

क्लचचा कनेक्टर सोडा आणि नवा फ्यूज टाकून नॉब ओढा. फ्यूज टिकला तर दोष क्लचमध्ये किंवा त्याच्या शेवटच्या वायरीत. उडाला तर वाटेत. बेल्ट, पुली, सायलेन्सर आणि डेक उचलणारा दांडा, या चार जागी वायर घासते. उघडी पडलेली वायर नुसती टेपने गुंडाळू नका. जोड सोल्डर किंवा क्रिंप करा, वर हीट-श्रिंक चढवा आणि घासणार नाही अशा जागी बांधा.

इथे थांबा, माणूस बोलवा

मशीन वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधीच.

हार्नेस एकाहून जास्त ठिकाणी वितळलेला असेल.

क्लचची वीज एखाद्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमधून जात असेल आणि दोष त्याच्याकडे बोट दाखवत असेल. तिथे थेट वीज देऊन प्रयोग केले तर मॉड्यूलच जातं.

क्रँकशाफ्टचा मधला बोल्ट गंजून बसला असेल किंवा क्लच शाफ्टवरून उतरत नसेल. हातोडीने ठोकू नका, क्रँकशाफ्ट वाकला तर इंजिनच गेलं.

इंजिन चालू ठेवून पाती फिरत असताना खाली वाकून काहीतरी बघण्याची वेळ येत असेल. ती तपासणी घरी करायची नाही.

आणि नॉब खाली केल्यावर पाती मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेत, म्हणजे साधारण पाच ते सात सेकंदांत, थांबत नसतील, तर ब्रेक गेला आहे. त्या दिवसापासून मशीन वापरू नका, गवत कितीही वाढलं आणि एचओएची (वसाहतीच्या रहिवासी संघटनेची) नोटीस आली तरी.

मे-जूनमध्ये डीलरकडे आठवड्यांची रांग असते. बऱ्याच गावांत घरी येऊन लहान इंजिनांचं काम करणारे मेकॅनिक मिळतात, त्यांना आधी विचारा. फोनवर "पाती फिरत नाहीत" एवढंच सांगू नका. बॅटरीचा व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचा व्होल्टेज, क्लचवरचा ओझ्याखालचा व्होल्टेज, गार आणि गरम कॉइलचे ओहम, हे पाच आकडे आणि मशीनचा मॉडेल नंबर सांगा. तो योग्य सुटा भाग गाडीत टाकूनच येईल.